वाचकांचे प्रश्न : कादंबरीतला काळ आणि पडद्यावरचा काळ

साहित्यकृतींवर बेतलेल्या चित्रपटांविषयी या वेळी बरीच पत्रे आली. त्यांतील एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र करून पाच प्रश्न येथे घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर इतरांपेक्षा पुष्कळ लांबले आहे, कारण पुढच्या उत्तरांना लागणारी बरीचशी सामग्री त्यातच आली आहे.

प्रश्न : 'श्यामची आई' आमच्या घरात तीन पिढ्यांनी वाचले आहे. सासूबाईंच्या मते आचार्य अत्रे यांचा १९५३ चा चित्रपट हाच खरा. माझ्या मुलाला मात्र २०२३ मध्ये आलेला सुजय डहाके यांचा कृष्णधवल चित्रपट अधिक 'त्या काळातला' वाटतो. पुस्तकाला आणि त्याच्या काळाला जास्त न्याय कोणी दिला?

उत्तर : निवाडा करण्याआधी 'त्याचा काळ' म्हणजे नेमका कोणता, हे ठरवावे लागेल. साने गुरुजींचा जन्म १८९९ चा आणि त्यांच्या आईचे निधन १९१७ चे, म्हणजे श्यामचे बालपण हे विसाव्या शतकाच्या पहिल्या दीड दशकातले कोकण आहे. पुस्तक लिहिले गेले १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात, आणि प्रसिद्ध झाले १९३५ मध्ये. ज्या काळाविषयी लिहिले आणि ज्या काळात लिहिले, या दोहोंमध्येच वीस-पंचवीस वर्षांचे अंतर आहे. तिसरा काळ चित्रपट काढणाऱ्याचा असतो आणि तो स्वतःला कितीही लपवू पाहत असला तरी पडद्यावर उमटल्याशिवाय राहत नाही.

अत्र्यांचा चित्रपट आला तेव्हा गुरुजींना जाऊन तीन वर्षे झाली होती. श्यामचे वडील खोत, म्हणजे गावाचा सारा वसूल करण्याचा वंशपरंपरागत हक्क असलेल्या, घराण्यातले. मुंबई राज्यात खोती रद्द करणारा कायदा १९४९ मध्ये झाला, त्यामुळे १९५३ च्या प्रेक्षकाला खोत म्हणजे काय, खोताचा गावातला मान कसा असतो आणि तो मान गेला म्हणजे नेमके काय जाते, हे सांगावे लागत नव्हते. 'अब्रूचे धिंडवडे' या प्रकरणात जप्तीची दवंडी गावभर पिटली जाते. आजच्या वाचकाला ती एका कर्जबाजारी कुटुंबाची दैना वाटते, आणि ती तशी आहेही. पण ज्या गावावर या घराण्याने हुकमत गाजवली त्याच गावातून, नाक्यानाक्यावर थांबून, ती दवंडी दिली जात आहे, यात तिचा खरा दाह आहे. २०२३ च्या दिग्दर्शकाला हा दाह प्रेक्षकापर्यंत न्यायचा असेल तर आधी खोती समजावून सांगावी लागते, आणि समजावून सांगितले की प्रसंगाचा वेग जातो. ही अडचण दिग्दर्शकाच्या कुवतीची नसून सत्तर वर्षांच्या अंतराची आहे.

काळ पुस्तकात कुठे दडलेला असतो, याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणून 'अळणी भाजी' हे प्रकरण घ्यावे. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील मिठाविषयी काही न बोलता ती भाजी खातात, उलट तिची वाखाणणी करतात, आणि वडीलच काही बोलत नाहीत म्हणून मुलेही गप्प बसतात. नंतर आई जेवायला बसते आणि पहिल्याच घासाला तिच्या लक्षात येते. शाळेत हे प्रकरण वडिलांच्या संयमाचा धडा म्हणून शिकवले जाते. परंतु हा प्रसंग घडूच कसा शकला, याचा विचार करावा. घरातली बाई सगळ्यांच्या शेवटी जेवत होती म्हणून तो घडला. ती पंगतीला बरोबर बसली असती तर पहिल्याच मिनिटाला मीठ मागितले गेले असते आणि प्रकरण तिथेच संपले असते. पुस्तक ही रीत कुठेही समजावत बसत नाही, कारण १९३५ च्या वाचकाच्या घरात तीच रीत होती. चित्रपटात असा प्रसंग घेताना चुलीजवळ वाट पाहत बसलेली आई चौकटीत ठेवायची की नाही, ठेवली तर तिच्याकडे कौतुकाने पाहायचे, कीवेने पाहायचे की काहीच न दर्शवता नुसते पाहायचे, हे दिग्दर्शकाला ठरवावेच लागते. लेखकाला ते ठरवण्याची गरज पडली नव्हती.

याहून अवघड जागा मोळीच्या प्रसंगात आहे. महार म्हातारीच्या डोक्यावरची लाकडाची मोळी खाली पडते आणि कोणी हात लावायला पुढे येत नाही. आई श्यामला सांगते की, जा, तिची मोळी उचलून दे आणि मग घरी येऊन आंघोळ कर. त्या बाईची करुणा आणि तिचे सोवळे दोन्ही एकाच वाक्यात आहेत आणि दोन्ही सारखेच खरे आहेत. आजच्या पटकथाकाराला आंघोळीचा भाग गाळण्याचा मोह होणे अगदी स्वाभाविक आहे. तो गाळला की आई आजच्या प्रेक्षकाला निखळ पुरोगामी वाटेल, पण मग ती १९१० च्या सुमाराची राहणार नाही आणि तिने त्या काळात जे पाऊल उचलले त्याचे मोलही कळणार नाही. कोणताही चरित्रपट किंवा जुन्या काळावरचा चित्रपट पाहताना मी पहिल्यांदा अशाच जागा शोधतो. कंदील, पितळी भांडी आणि नऊवारी लुगडी चांगल्या कलादिग्दर्शकाला मिळवता येतात. आपल्याला आवडणारे पात्र आपल्याला न आवडणाऱ्या रितीसकट दाखवायला वेगळे धैर्य लागते.

आता आपल्या मुलाच्या म्हणण्याकडे वळतो. कृष्णधवल चित्र पाहिले की ते जुने आहे असे आपल्याला वाटते, परंतु ही सवय आपल्याला जुन्या छायाचित्रांनी आणि जुन्या चित्रपटांनी लावली आहे. १९५३ मध्ये कृष्णधवल ही सर्रास पद्धत होती, तिच्यातून काही सुचवायचे नव्हते. २०२३ मध्ये ती जाणून-बुजून केलेली निवड आहे. श्यामचे कोकण काही काळेपांढरे नव्हते. पुस्तकात फुले आहेत, झाडे आहेत, विहिरी आहेत, गाई आहेत, आणि त्या सगळ्याकडे पाहणाऱ्या मुलाची नजर अतिशय टवटवीत आहे. त्यामुळे नव्या चित्रपटाचे कृष्णधवल रूप श्यामच्या बालपणाइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, अत्र्यांच्या चित्रपटाशी नाते सांगते, असे मला वाटते. यात गैर काही नाही. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारा पहिला चित्रपट म्हणून जुन्या 'श्यामची आई'ला एवढा मान मिळाला की पुढच्या पिढ्यांच्या मनात आईची भूमिका करणाऱ्या वनमालाबाईंचा चेहरा हाच आईचा चेहरा होऊन बसला, आणि नव्या चित्रपटाची तुलना पुस्तकाशी होण्याऐवजी त्या चेहऱ्याशी होऊ लागली. सासूबाईंचे मतही बहुधा याच वाटेने आले असावे.

मग न्याय कोणी दिला? माझ्या मते माणसांमाणसांतले अंतर, दरारा, लाज, मायेतला कठोरपणा या बाबतींत जुना चित्रपट काळाच्या अधिक जवळ आहे, कारण तो करणाऱ्यांपैकी अनेकांनी तसली घरे आतून पाहिली होती. अर्थात त्यातली गाणी आणि भावनेची चढी पट्टी ही पन्नाशीच्या दशकातल्या बोलपटाची आहे, पुस्तकाची नाही. नव्या चित्रपटाची जमेची बाजू वेगळी आहे. त्यात ओम भूतकर यांच्या रूपाने प्रौढ साने गुरुजी स्वतः पडद्यावर आहेत. हे पुस्तक म्हणजे एका लहान मुलाची गोष्ट नसून, मोठा झालेला मुलगा रात्रीमागून रात्री आपल्या सोबत्यांना आईविषयी सांगत आहे आणि सांगता सांगता स्वतःच्या जुन्या वागण्याने कासावीस होत आहे, अशी त्याची रचना आहे. ती रचना ओळखणारा चित्रपट पुस्तकाच्या घाटाशी अधिक प्रामाणिक म्हणावा लागेल. काळासाठी जुना पाहावा, आठवणीच्या पोतासाठी नवा, असे मी सुचवेन.

प्रश्न : संजय लीला भन्साळी यांच्या 'देवदास'मध्ये वाडे, दागिने, वस्त्रे यांवर एवढी मेहनत घेतली असताना समीक्षक त्याला 'काळाशी विसंगत' का म्हणतात?

उत्तर : मेहनतीविषयी दुमत नाही. शरच्चंद्रांची कादंबरी १९१७ ची. तिच्यात पारो आणि चंद्रमुखी एकमेकींना कधीच भेटत नाहीत. बिमल रॉय यांच्या १९५५ च्या चित्रपटात त्या दोघी रस्त्यावर समोरासमोर येतात, एकमेकींकडे पाहतात आणि एक शब्दही न बोलता निघून जातात. भन्साळी यांच्या २००२ च्या चित्रपटात त्या पूजेच्या प्रसंगी सगळ्यांदेखत एकत्र नाचतात. बंगाली जमीनदाराची पत्नी आणि कोठ्यावरची नर्तकी असे नाचणे त्या समाजात शक्यच नव्हते, एवढाच आक्षेप असता तर दिग्दर्शकाचे स्वातंत्र्य म्हणून मी तो सोडून दिला असता.

अडचण पुढे आहे. कादंबरीचा कणा पारोच्या एका कृतीवर उभा आहे. ती रात्री एकटीच देवदासच्या खोलीत जाते आणि आपले पुढे काय, हे विचारते. देवदास घाबरतो तो या धाडसाने. कोणी पाहिले तर हिचे काय होईल, ही चिंता त्याच्या मनात येते, आणि तिला ती आलेली नाही असे नाही, पण तिने ती बाजूला सारलेली आहे. हे पाऊल आपल्याला हादरवून टाकायचे असेल तर त्याआधीच्या जगात मुलींनी काय करायचे नसते, याचे कडेकोट कुंपण दिसले पाहिजे. जिथे झुंबरांखाली सगळेच मोकळेपणाने नाचतात, गातात आणि एकमेकांना टोमणे मारतात, त्या जगात एका मुलीचे रात्री बाहेर पडणे ही फक्त एक सुंदर चौकट उरते. बिमल रॉय यांच्याकडे निम्मीसुद्धा श्रीमंती नाही, पण ते कुंपण आहे. दोघींच्या त्या मुक्या भेटीत कादंबरीत नसलेला प्रसंग घालूनही त्यांनी कादंबरीचा काळ मोडलेला नाही, आणि हीच गोष्ट मला सर्वांत शिकण्यासारखी वाटते.

प्रश्न : इटालियन लेखक लाम्पेदूसा यांची 'द लेपर्ड' ही कादंबरी वाचून झाल्यावर व्हिस्कोंती यांचा चित्रपट पाहिला. चित्रपट नृत्यसमारंभापाशीच संपतो, म्हणजे कादंबरीचे शेवटचे दोन भाग गाळले आहेत. एवढा मोठा भाग गाळलेल्या चित्रपटाला उत्कृष्ट रूपांतर कसे म्हणायचे?

उत्तर : ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सिसिलीतला एक जुना सरदार, राजपुत्र फाब्रित्सिओ, १८६० मध्ये इटलीच्या एकीकरणासाठी लढणाऱ्या गॅरिबाल्डीच्या स्वारीने आपले जग बदलताना पाहतो आणि मुलागत वाढवलेल्या आपल्या भाच्याचे लग्न नव्याने श्रीमंत झालेल्या माणसाच्या मुलीशी लावून देतो. नृत्यसमारंभ १८६२ चा आहे. त्यानंतर कादंबरी एकदम १८८३ मध्ये राजपुत्राच्या मृत्यूशी जाते आणि तिथून १९१० मध्ये, त्याच्या म्हाताऱ्या अविवाहित मुलींपाशी. शेवटी पेंढा भरून जपून ठेवलेला राजपुत्राचा लाडका कुत्रा उकिरड्यावर फेकला जातो.

चित्रपटाने हे सगळे वगळले, हे खरे. त्याहूनही एक मोठी गोष्ट त्याला घेता येण्यासारखी नव्हती. नृत्याच्या प्रकरणात छतावर रंगवलेल्या देवतांचे वर्णन आहे. त्या देवता स्वतःला चिरंतन समजत होत्या, पण पिट्सबर्गमध्ये तयार झालेला बाँब १९४३ मध्ये त्यांचा भ्रम दूर करणार होता, असे निवेदक सहज जाता जाता सांगून टाकतो. १८६२ च्या रात्री उभे राहून तो ऐंशी वर्षे पुढचे पाहतो. लाम्पेदूसा स्वतः सिसिलीतल्या सरदार घराण्यातले. पालेर्मोमधला त्यांचा वडिलोपार्जित प्रासाद १९४३ च्या बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झाला, आणि कादंबरी छापलेली पाहण्याआधीच, १९५७ मध्ये, ते गेले. त्या एका वाक्यात हे सगळे आहे. कॅमेऱ्याला मात्र चालू क्षण सोडून असे वाक्य बोलता येत नाही. निवेदकाचा आवाज वरून चिकटवला असता तर ते फार ओबडधोबड झाले असते.

व्हिस्कोंतींनी दुसरा मार्ग काढला. कादंबरीतले एक प्रकरण त्यांनी सुमारे पाऊण तास चालवले. सुरुवातीला आपण दिव्यांकडे आणि वेशभूषेकडे पाहत राहतो. मग चेहरे घामेजतात, पंखे हलू लागतात, तरुण मुली पलंगांवर माकडांसारख्या उड्या मारतात, पाहुण्यांच्या मूत्रपात्रांनी भरलेली खोली ओझरती दिसते, आणि राजपुत्र ग्रंथालयात एका मरणासन्न म्हाताऱ्याच्या चित्रासमोर उभा राहून स्वतःच्या मरणाविषयी बोलतो. समारंभ संपत नाही म्हणून आपल्यालाच थकवा येऊ लागतो, आणि तोच थकवा त्या वर्गाचा आहे. १८८३ चा मृत्यू आणि १९१० चा उकिरडा न दाखवता त्यांचा वास या रात्रीत मिसळून टाकला आहे. पाने मोजली तर कादंबरीचा बराच ऐवज गेला, पण कादंबरी ज्याविषयी आहे ते गेले नाही. व्हिस्कोंती स्वतः मिलानच्या उमराव घराण्यातले होते, याचाही यात वाटा असणार. ज्या रिवाजांची चित्रपट थट्टा करतो ते त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

प्रश्न : 'बनगरवाडी' ही कादंबरी एका बैठकीत वाचून झाली, पण अमोल पालेकर यांचा चित्रपट फार संथ वाटला. स्वतः व्यंकटेश माडगूळकरांनी पटकथा लिहूनही असे का व्हावे?

उत्तर : चित्रपट संथ आहे हे मान्य, दोष आहे हे नाही. धनगरांच्या एका वाडीवर शिक्षक म्हणून आलेल्या तरुण मास्तराची ही गोष्ट आहे. माडगूळकरांच्या गद्यात वाक्ये आखूड असतात आणि दोन वाक्यांच्या मध्ये महिनेच्या महिने निघून जातात. वाचक ते अंतर उडी मारून पार करतो. पडद्यावर माळ दिसला की तो पार करायला वेळ लागतो, मास्तराला लागतो तसाच आपल्यालाही. मेंढरे सकाळी बाहेर पडायची आणि संध्याकाळी परत यायची, पाऊस पडला तर वर्ष, नाही पडला तर वाडी ओस, असे ज्यांचे कालमान होते त्यांची गोष्ट भराभर कापलेल्या दृश्यांतून सांगितली असती तर धनगर दिसले असते, धनगरवाडी दिसली नसती.

या कादंबरीच्या काळाविषयी एक गोष्ट वाचकांच्या सहसा ध्यानात येत नाही. वाडीत मास्तर तालीम बांधून घेतो आणि तिच्या उद्घाटनाला राजेसाहेब येतात, ही घटना एखाद्या ग्रामसुधारणेच्या कथेतली वाटते. परंतु हा मुलूख औंध संस्थानचा आहे. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्काराचे कट्टर पुरस्कर्ते होते आणि व्यायाम हा त्यांच्या राज्यकारभाराचाच भाग होता. त्या संस्थानातल्या प्राथमिक शिक्षकाला गावासाठी काही करायचे सुचावे आणि ते तालीम असावे, हे त्या काळाला आणि त्या जागेला धरूनच आहे. कादंबरी १९५५ ची, तेव्हा औंध विलीन होऊन सातच वर्षे झाली होती आणि वाचकाला हे सांगावे लागत नव्हते. चित्रपट १९९५ चा. चाळीस वर्षांनंतरच्या प्रेक्षकाला राजेसाहेब हे एक गोड, थोडे गमतीदार पाहुणे वाटण्याचा धोका होता आणि तो पूर्णपणे टळला आहे असे मी म्हणणार नाही. पटकथा खुद्द लेखकाची असली की एक तोटाही संभवतो. त्याला जे ठाऊक आहे ते प्रेक्षकालाही ठाऊक असणार, असे तो नकळत धरून चालतो.

प्रश्न : कादंबरी आणि चित्रपट यांच्यात वर्षांचे अंतर कमी असेल तर काळ आपोआप बिनचूक येतो का?

उत्तर : नाही. आर. के. नारायण यांची 'द गाईड' १९५८ ची, विजय आनंद यांचा 'गाईड' १९६५ चा, म्हणजे अंतर अवघे सात वर्षांचे. मालगुडी हे नारायण यांचे दक्षिणेतले लहानसे गाव, तिथे रेल्वे आल्यावर फलाटावर एक दुकान निघते आणि दुकानदाराचा मुलगा राजू वाटाड्या होतो. छोट्या गावात प्रतिष्ठा कशी कमावली जाते आणि कशी गमावली जाते, हा कादंबरीचा प्राण आहे. चित्रपट राजस्थानातल्या राजवाड्यांच्या भव्य पार्श्वभूमीवर गेला आणि ते छोटेपण संपले. शेवटही बदलला. कादंबरीत पावसासाठी केलेल्या उपासाने खंगलेला राजू डोंगरात पाऊस पडत असल्याचे आपल्याला जाणवते आहे असे म्हणत खाली कोसळतो, पाऊस खरोखर आला की नाही हे लेखक सांगत नाही. चित्रपटात पाऊस कोसळतो. नारायण यांनी या रूपांतराविषयीची नाराजी लेख लिहून जाहीरपणे मांडली होती.

सचिन देव बर्मन यांची गाणी आणि वहिदा रेहमान यांचे नृत्य यांमुळे तो चित्रपट मलाही वारंवार पाहावासा वाटतो. नारायण यांची कादंबरी मात्र अजून कोणीतरी पडद्यावर आणायची राहिलीच आहे.